छातीवरची जांभळी रेघ

डॉक्टरसाहेबांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली आणि पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली. ठक् असा आवाज मला ऐकू आला, मार लागल्याचंही कळलं, पण पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडून राहिला. त्यांनी दुसरा गुडघा पाहिला, घोटे पाहिले, कोपर पाहिले. मग हातोडी खिशात ठेवली आणि माझ्याऐवजी माझ्या वडिलांकडे, दादांकडे पाहून म्हणाले, "याला पॉलिन्यूरायटिस झालाय. असेंडिंग."

दादांनी मान हलवली. ते घाबरले की समोरचा काहीही बोलला तरी मान हलवतात.

पॉलिन्यूरायटिस म्हणजे एकाच वेळी अनेक नसांना आलेली सूज. असेंडिंग म्हणजे चढत जाणारा. हा लकवा पायापासून सुरू होतो आणि वर चढतो. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की डॉक्टरसाहेब आता हातोडी पुन्हा काढणार नाहीत.

मी काही लेखक नाही. परभणीला कॉलेजात विज्ञान शाखेत शिकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण माझ्यासारखी वेळ कुणावर आली तर घरच्यांनी काय पाहावं आणि काय करू नये, एवढं तरी सांगता येईल, असं वाटलं.

आधी ताप आणि जुलाब झाले होते. ते बरेही झाले. मग पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. एकदा हॉस्टेलच्या जिन्यात चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही. खाली आल्यावर एक पाय उघडा दिसला. दुसऱ्या दिवशी जिना चढता येईना. खोलीतल्या सोबत्यांनी मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात आणलं आणि बोरीकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ दादांसाठी निरोप दिला. बोरीच्या पुढे आमचं गाव आहे.

मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे हे कळल्यावर डॉक्टरसाहेब माझ्याशी जरा मोकळेपणानं बोलायला लागले. ते म्हणाले, "नस म्हणजे विजेची तार समज. तारेवर रबर असतं ना, तुझ्या नसांवरचं तसलं आवरण निघून चाललंय. तार शाबूत आहे, पण वीज पुढं जात नाही. हे वर चढेल, कुठंतरी थांबेल आणि मग आल्या वाटेनं खाली उतरेल. आपण वाट पाहायची."

"कुठं थांबेल?" मी विचारलं.

"मानेच्या खाली थांबलं तर बरं," असं म्हणून त्यांनी माझा शर्ट काढायला लावला.

माणूस श्वास नाकानं घेतो असं आपण समजतो. नाक ही नुसती वाट आहे. काम छातीची भिंत करते. दर दोन बरगड्यांच्या मध्ये स्नायू असतात, त्यांना इंटरकॉस्टल मसल्स म्हणतात. ते दोन थरांत असतात. बाजेची सुतळी एकदा या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं तिरपी विणतात, तसे एका थराचे धागे एकीकडे झुकलेले आणि दुसऱ्याचे उलटीकडे. बाहेरचा थर बरगड्या वर उचलतो, छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. आतला थर बरगड्या खाली ओढतो. खोकताना, हाक मारताना, हसताना त्याची गरज लागते. छातीच्या तळाशी घुमटासारखा एक मोठा स्नायू आडवा पसरलेला असतो, तो डायफ्राम. तो खाली दबला की पोट वर येतं आणि हवा आत जाते. बरगड्यांमधल्या स्नायूंच्या नसा छातीच्या मागूनच निघतात. डायफ्रामची नस मात्र वर, मानेतून निघून खालपर्यंत येते.

म्हणून डॉक्टरसाहेबांचं सगळं लक्ष मानेकडे होतं. तोंड आलं की लावतात ते जांभळं औषध त्यांनी कापसाच्या बोळ्यावर घेतलं आणि ज्या बरगडीच्या खाली हालचाल बंद झाली होती तिच्यावरून एक आडवी रेघ ओढली. रोज ते यायचे, बोटांनी बरगड्या चाचपायचे आणि नवी रेघ ओढायचे. रेघ रोज वर सरकत होती.

दुसरी एक परीक्षा होती. एका श्वासात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे म्हणायचे. पहिल्या दिवशी मी इतका गोंधळलो की माझ्या तोंडून आकड्यांऐवजी शाळेतली बाराखडी निघाली. डॉक्टरसाहेब हसले. "चालेल. रोज हीच म्हण."

पहिल्या दिवशी मी ग गा गि पर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी ख च्या ओळीत अडकलो. नंतर क ची ओळसुद्धा पुरी होईना. दादांना लिहितावाचता येत नाही. पण उशाशी बसून बसून त्यांना क्रम पाठ झाला होता. एकदा डॉक्टरसाहेब गेल्यावर ते हळूच म्हणाले, "काल को म्हणला हुतास. आज कू लाच थांबला. त्ये मागं हाय का फुडं?"

"मागं," मी म्हणालो. तेवढ्यानं दम लागला.

हळूहळू हात गेले. मग चेहरा गेला. चेहरा जातो हे मला माहीत नव्हतं. मला हसू यायचं, रडू यायचं, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. पापण्या मिटत नव्हत्या, म्हणून सिस्टर डोळ्यांवर ओला कापूस ठेवायच्या. घोटही गिळता येईना, तेव्हा त्यांनी नाकातून रबरी नळी घातली. लाळ घशात उतरू नये म्हणून खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या. पाय वर आणि डोकं खाली, असा मी पडून होतो.

सगळ्यात भीती दुपारी वाटायची. सकाळची गडबड संपलेली असे. वॉर्डात फिनेलचा वास आणि बाहेर लिंबाच्या झाडावर एखादा कावळा. एका दुपारी सिस्टरनी डोळ्यांवरचा कापूस बदलायला काढला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्या तशाच गेल्या. मला माझी छाती दिसत होती. तिच्यावर एक माशी बसली होती.

माणसाच्या छातीवर माशी बसली की ती श्वासाबरोबर वरखाली होते. ही माशी हलत नव्हती. भिंतीवर बसावी तशी ती बसली होती. पाय चोळत होती. जांभळ्या रेघांवरून चालत वर आली, थांबली. मी जिवंत आहे याचा तिला काहीही पत्ता नव्हता. मी श्वास घेतला तर छाती वर यायच्या ऐवजी थोडी आतच बसली, आणि तिच्या पलीकडे पोट मात्र हळूहळू वर आलं. मग पोट खाली गेलं आणि छाती जागेवर आली. हे मी करत नव्हतो. माझ्या आत कुणीतरी दुसरा होता. तो फक्त पोटात राहत होता आणि त्याच्या मर्जीनं श्वास घेत होता. तो थकला तर काय, एवढं विचारायला माझ्याजवळ हवा नव्हती.

तेव्हापासून मला झोपेची भीती बसली. आपलं लक्ष गेलं की तोही थांबेल, असं वाटायचं.

त्याच सुमारास चारठाण्याची आत्या आली. दादांची ही मोठी बहीण. तिच्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. आमच्या नातलगांत कुणी अत्यवस्थ झालं की आत्याला बोलावतात. ती येते, माणसाकडे बघत बसते आणि वेळ झाली की सांगते, "घ्या खाली." मग माणसाला बाजेवरून उचलून जमिनीवर निजवतात आणि तोंडात पाणी घालतात. मी पाळण्यात होतो त्या वर्षी आमच्या माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव गेले, अंगारे गेले, गंगेचं पाणी गेलं. पण माणसाला खाली घेणं राहिलं आणि पाणी घालणं राहिलं, फक्त पाणी साधं झालं. बाजेवर जीव अडकून राहतो, असं आत्या म्हणते.

ती खाटेजवळ आली आणि उभीच राहिली. माझ्या विटांवर चढवलेल्या पायांकडे, नाकातल्या नळीकडे, डोळ्यांवरच्या कापसाकडे ती बघत असणार. मग तिनं चादर बाजूला केली.

"गणपता," ती दादांना म्हणाली, "ह्याला उलटा सास लागलाय की रं."

छाती आत आणि पोट बाहेर, असा श्वास लागला की माणूस राहत नाही, हे आमच्याकडे सगळे जाणतात. आत्यानं तर तो कितीतरी जणांचा पाहिलेला.

"डाक्टर तर म्हणत्यात ठीक हाय," दादा म्हणाले.

"डाक्टरच्या घरचा हाय का त्यो? तू बाप हायस. लेकराला परक्या जागी खाटंवर मारतूस व्हय? घराकडं नेऊ दे. माय तरी बगंल."

 मग दादा असं काही बोलले की माझ्या अंगावर काटा यायला हवा होता, पण काटाही येत नव्हता.

"आक्का, मला येगळंच भ्याव हाय. ह्या रेघा बगितल्या का?"

"व्हय. कशाच्या हायत?"

"ह्यानंच सांगितलं हुतं दिवाळीत. कालेजात बेडकाला पाटीवर उताणं घालत्यात, हातपाय ताणून. ते हलत न्हाई, पर जित्तं असतंय. मग छातीपून चिरत्यात आन् आतलं काळीज चालू असतंय ते पोरान्ला दावत्यात. ह्याला बी तसंच घातलंय बग. हलत न्हाई, बोलत न्हाई. रोज छातीवर खुणा करत्यात. आदी खुणा आन् मग..."

आत्या हळू आवाजात म्हणाली, "अगं माय."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी मोठ्या कौतुकानं बेडकाचं सांगितलं होतं. आई नको नको म्हणाली होती, दादा मात्र मन लावून ऐकत होते. ते सगळं त्यांनी असं जपून ठेवलं असेल, हे मला माहीत नव्हतं. एवढे दिवस ते उशाशी बसले होते ते माझ्या सोबतीला, असं मी समजत होतो. ते राखण करत होते.

दादा उठून गेले. थोड्या वेळानं परत आले आणि म्हणाले, "जीप मिळाली. फाटकापशी उभी हाय."

"वाटंत काय झालं तर? आदी खाली घ्या, पाणी घालू," आत्या म्हणाली. दादांनी माझे खांदे धरले, आत्यानं पाय. मला खाटेच्या बाजूला जमिनीवरच्या सतरंजीवर घेतलं. कापूस डोळ्यांवरून पडला. वरचं छत लांब गेलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून वळला. जे बघायचं नसतं ते बघू नये म्हणून वळतात तसा.

आत्यानं तांब्यात बोटं बुडवली.

मला गिळता येत नाही, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या बोटांवरचा थेंब माझ्या ओठांतून आत गेला आणि जिभेच्या मागं जाऊन थांबला. खोकायला छातीची भिंत लागते. ती बंद होती. एक थेंब पाणी माझ्या घशात बसलं होतं आणि मला ते ढकलता येत नव्हतं. पुन्हा बोटं तांब्यात गेल्याचा आवाज आला.

मला सांगायचं होतं की दादा, ह्या रेघा कापायच्या नाहीत, दुखणं कुठवर चढलं त्याच्या आहेत. उलटा श्वास असला तरी श्वास आहे. मला नेऊ नका, वाटेत मी मरेन. एवढं सगळं. आणि माझ्याजवळ एका श्वासाला क का कि एवढीच हवा होती.

पोट वर येईपर्यंत मी वाट पाहिली. मग म्हणालो, "बेडूक..."

पुढची हवा येईपर्यंत पुन्हा थांबलो. "...मी न्हाई."

"काय म्हणला?" दादा खाली वाकले.

"बेडूक म्हणायलाय," आत्या म्हणाली. "वात झालाय त्येला. सरक, पाणी घालू दे."

पोट पुन्हा वर आलं. मी सगळी हवा एका शब्दात घातली.

"थांबा."

दादांनी आत्याचं मनगट धरलं. "सबूर कर आक्का."

"आरं येळ व्हायलाय."

"मरायला लागल्यालं माणूस पाणी मागतंय. थांबा म्हणत न्हाई."

तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून सिस्टर ओरडत आल्या. त्यांनी मला झटकन कुशीवर वळवलं, तोंड खाली केलं, पाठीवर थापा मारल्या. थेंब लाळेबरोबर ओघळून बाहेर आला. मग डॉक्टरसाहेब आले. त्यांचा चेहरा रागानं लाल होता, पण दादांकडे पाहिल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी सगळ्यांच्या मदतीनं मला खाटेवर घेतलं आणि दादांना म्हणाले, "हात द्या तुमचा."

दादांचा खरबरीत हात त्यांनी माझ्या छातीवर ठेवला. "हलतंय?"

"न्हाई."

"इथले स्नायू झोपलेत. मेले नाहीत, झोपलेत. आता इथं." त्यांनी हात बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या अंगाला ठेवला. "आता?"

दादा थांबले. "हळूच ढकलायलाय कुणीतरी. आतून."

"इथला एकच स्नायू जागा आहे. सगळ्यांचं काम तो एकटा करतोय, म्हणून श्वास उलटा दिसतो. आणि ही रेघ बघा. कालची कुठं आहे?"

दादांनी छातीवर बघितलं. वरची रेघ गळ्याखालच्या हाडाजवळ होती. तिच्या वर दुसरी रेघ नव्हती.

"आज मी नवी ओढली नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले. "गरज पडली नाही. रेघ थांबलीय. न्यायचं असेल तर तुम्ही बाप आहात, मी अडवू शकत नाही. पण रस्त्यात हा थकला तर मागं कुणी नाही."

आत्या म्हणाली, "आन् चिरनार तर न्हाई ना?"

डॉक्टरसाहेबांना आधी काही समजलंच नाही. दादांनी खाली मान घालून बेडकाचं सांगितलं. मग डॉक्टरसाहेबांनी रुमाल ओला केला आणि माझ्या छातीवरच्या जुन्या रेघा एक एक करून पुसल्या. जांभळा रंग पुरता जात नाही, पण त्यांनी पुसल्या. फक्त वरची ठेवली.

दादांनी जीपवाल्याला परत पाठवलं. मग ते खाटेजवळ बसले आणि त्यांनी हात पुन्हा बरगड्यांखाली ठेवला. डॉक्टरसाहेबांवर त्यांचा विश्वास बसला होता की नाही, मला सांगता येणार नाही. विश्वास हातावर होता. त्या दिवशी मला झोप लागली. पोटातल्या त्या दुसऱ्यावर आता कुणीतरी पहारा देत होतं.

पुढचे बरेच दिवस काहीच झालं नाही. अशा आजारात हेच चांगलं असतं, पण घरच्यांना ते सोसत नाही. मग एका सकाळी बाराखडी की च्या पुढे सरकली. काही दिवसांनी को आला. दादा आत्याला म्हणाले, "फुडं निघालाय." छाती वरून खाली जागी होत गेली. दुखायची, शेतात पहिल्यांदा काम केल्यावर अंग दुखतं तशी. मला पहिला खोकला आला तेव्हा सिस्टरनी टाळी वाजवली. कुणी खोकलं म्हणून टाळी वाजलेली मी तेव्हाच ऐकली. हात आले, चेहरा आला. पाय सगळ्यांत शेवटी आले आणि अजून पुरते आलेले नाहीत. मी काठी घेऊन चालतो.

घरी गेलो तेव्हा बोरीच्या स्टँडवर गावचा एक माणूस मला बघून जागच्या जागी थांबला. गावात मी गेल्याचं पोचलं होतं. जीप ठरवल्याची बातमी आधी पोचली, परत पाठवल्याची पोचली नाही. तो जवळ आला नाही. माझ्या छातीकडे बघत राहिला. मी शर्टाचं वरचं बटण लावलं.

ज्यांच्या घरी असं कुणी पडलं असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गिळता येतं की नाही हे विचारल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका. माणूस हलत नाही, हसत नाही, डोळे मिटत नाही, म्हणून त्याला ऐकू येत नाही असं समजू नका. त्याला सगळं ऐकू येतं. तो एखाद्या शब्दाची हवा गोळा करत असेल तर थांबा. डॉक्टरसाहेबांचे आणि सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. दादांचे उपकार म्हणायला मला संकोच वाटतो, पण त्यांनी ऐकलं म्हणून मी आहे.

आत्याबद्दल मला राग नाही. मला बघायला ती गावी आली तेव्हा घाबरत घाबरत म्हणाली, "सुभाषा, त्ये आतून ढकलतंय त्ये कुठं असतंय, दाव बरं." मी तिचा हात धरून बरगड्यांखाली ठेवला. ती डोळे मिटून बसली. "व्हय की. मी एवढी माणसं बगितली, पर तोंडाकडंच बगत बसले."

ती असतानाच आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचं जास्त झालं आणि तिला बोलावणं आलं. मीही काठी टेकत गेलो. सतरंजी अंथरलेली होती, पाणी भरून ठेवलेलं होतं. म्हाताऱ्याची छाती आत जात होती आणि पोट वर येत होतं. सगळे आत्याच्या तोंडाकडे बघत होते. ती बाजेवर बसली आणि तिनं म्हाताऱ्याच्या बरगड्यांखाली हात सारला.

"आजून हाय," ती म्हणाली. "कुणी हात लावू नका."

लेकीसुना बसल्या. ऊन दारातून आत आलं आणि सरकत सरकत बाजेच्या पायापर्यंत गेलं. आत्याचा हात वर येत होता आणि खाली जात होता, फार हळू. मग तो एकदा खाली गेला. आत्यानं तो लगेच काढला नाही. बराच वेळ तिथंच ठेवला.

मग म्हणाली, "आता घ्या खाली."